इसोगाईंची सातवी केबल

सातवी केबल. मनगटाएवढी जाड,
जांभळ्या जाळीचा अंगरखा घातलेली,
प्लगच्या दाढांना सोन्याचं पाणी.
इसोगाई ती दोन्ही हातांवर आडवी धरून आणतात
नुकतं न्हाऊ घातलेलं बाळ आणावं तशी.
"टाळू सांभाळा," माझ्या ओठांवर येतं.
म्हणत नाही. तासाचे चार हजार येन घेतो मी,
त्यात विनोद धरलेला नाही.

माझं काम भिंतीतलं.
सॉकेट उघडलं की आत तीच असते,
काडीएवढी तांब्याची तार,
चौतीस वर्षं प्लास्टरमध्ये पडून राहिलेली,
एका जागी उंदरानं चव घेऊन सोडलेली.
तिच्यामागे बोर्ड, बोर्डमागे खांब,
खांबावर कावळ्याचं घरटं, कपड्यांच्या हँगरचं,
त्यामागे डोंगर उतरत आलेले कित्येक मैल
आणि सगळ्यात मागे कुठेतरी
पात्यांवर पडणारं पाणी.
एवढं सगळं तुडवत आल्यावर
शेवटच्या दीड मीटरला विजेनं सोवळं नेसायचं!

हे मी एकदा बोललोही होतो, तिसऱ्या केबलच्या वेळी.
इसोगाई रागावले नाहीत.
म्हणाले, "फुजी नदीच्या पलीकडे होतो
तेव्हा वीज साठची होती. सेकंदाला साठ हेलकावे.
इथे पन्नास.
बदली झाली, पूल ओलांडला,
आणि त्याच रेकॉर्डमधली ती चेलोवाली
खुर्चीत खचून बसल्यासारखी वाटायला लागली."
टर्नटेबलची पुली बदललीत का, मी विचारलं.
बदलली होती.
"तिला ताठ बसवतोय. बाकी काही नाही."
यावर वायरमननं काय बोलावं?
मी स्क्रू आवळला.

आज ते पाठ करून बसलेत.
"बदला, नाहीतर नका बदलू. मला सांगू नका."
मी जुनी केबल काढली
आणि जुनीच परत लावली.

सुई टेकली. चेलो.
दुसऱ्या बाजूला कुठेतरी त्यांचा हात हवेत गेला.
"आता! आता मागची भिंत सरकली.
गज उचलण्याआधीचा तिचा श्वास, ऐकलात?"
सातवी केबल माझ्याच हातात,
आणि आईशप्पथ,
तो श्वास मलाही ऐकू आला.

मेन बोर्ड स्वयंपाकघरात आहे.
गेलो, तर चिझुरूबाई फ्रिजला टेकून उभ्या,
पदराआड काही लपवावं तसा
एप्रनच्या खिशात हात.
खिशातून वायर बाहेर लोंबत होती.

"घरघरतो ना तो," त्या कुजबुजल्या.
"नवी केबल आली की आठ-दहा दिवस काढते प्लग.
पुढे विसरायला होतं. टोफू आंबतो.
मग हे म्हणतात, केबलचं तेज उतरलं."

मी बोटं मोजली. सात केबली.
एकीच्या पैशांत बिनआवाजाचा फ्रिज आला असता,
तोही दोन दारांचा. तसं म्हणालो.

"आला असता की," त्या म्हणाल्या.
पलीकडे चेलो थांबली होती,
इसोगाईंचे पाय वाजत होते, रेकॉर्ड उलटत होते.
त्यांनी तेवढा वेळ जाऊ दिला.
"मग त्यांच्या गाण्यात माझं काय राहिलं असतं?"

मी परत जाऊन सातवी लावली.
फरक आहे का, इसोगाईंनी विचारलं.
आहे, म्हणालो.
कशाचा, ते त्यांनी विचारलं नाही.

बिलावर लिहिलं: सॉकेट तपासलं, ठीक.
चिझुरूबाईंनी दारात आइस्क्रीमची कांडी दिली,
लाल चवळीची,
सकाळपासून विरघळत आलेली.
"लवकर खा," म्हणाल्या.
गाडीत बसून खाल्ली, घरट्याच्या खांबाखाली.
कोपरापर्यंत ओघळ आले.
वरच्या तारा गुणगुणत होत्या, पन्नासच्या,
आणि काच खाली करून मी
उगाच ऐकत बसलो.