आणि इतर

वृद्ध कलावंत मानधनाच्या अर्जात
रकाना नववा : केलेल्या भूमिका.
पुढं ठिपक्यांची एकच ओळ, वीतभर.
मालनआत्या म्हणाली, लिही, आई.
मी लिहिलं.
मग म्हणाली, थांब, सासूही होते की.
सुईण होते. मोलकरीण होते, तिला एकच वाक्य,
बाईसाहेब, टांगा आलाय.
आणि एकदा प्रेत.
पाऊण मिनिट श्वास धरून पडले,
दिग्दर्शक म्हणाला, वा!
तेवढाच वा.

सव्विसाव्या वर्षी तिनं केसांना पांढरं फासलं
आणि तिशीतल्या नायकाला मांडीवर घेतलं.
कॅमेऱ्यापुढं तो हमसून रडायचा,
चहाच्या सुट्टीत विचारायचा,
मालन, तुझं कुठं जमतंय का?
जमत नव्हतं.
चांदवडचे पाहुणे येऊन पोहे खाऊन गेले.
मुलाची आई जिन्यात कुजबुजली,
परवा पडद्यावर ही माझ्याहून म्हातारी होती.

जन्म तांबट आळीतला.
आजोबा हंड्यावर मठारकाम करायचे,
ही समोर पोत्यावर, भात्याची दोरी ओढत.
घाव घातला की थांबायचं, ते सांगत,
भांड्याचं बोलून होऊ दे,
मग दुसरा.
पुढं मोठमोठ्या नटांनी विचारलं,
दोन वाक्यांत एवढं थांबायला कुठं शिकलीस?
ती म्हणे, हंड्यापाशी,
आणि ते हसत. त्यांना विनोद वाटे.

पहाटे नाशिकरोडहून गाडी, मांडीवर भाकरीचा डबा,
मेकअप पुसायला खोबरेल तेलाची बाटली.
रात्री परत. मुंबईत खोली घेतली नाही कधी.
आईचं काम एका दिवसाचं असतं, म्हणायची,
दुसऱ्या दिवशी तिचा फोटो, फोटोला हार.
त्याला खोली कशाला?

मागल्या वर्षी मालिकेत तिला मंगळवारी मारलं.
करार संपला होता.
बुधवारी भद्रकालीच्या बाजारात मेथीवाली पैसे घेईना.
आजी, तुम्ही गेलात, लई वाईट वाटलं.
आत्यानं वीस रुपये गोणपाटावर ठेवले,
म्हणाली, मलाही.

अर्जासोबत पुरावे जोडावेत.
पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली.
एका फोटोत नायकाच्या खांद्यामागं तिचा अर्धा कान.
एकात लग्नाची गर्दी, हा पदर माझा, ती म्हणाली.
पोस्टरवर चेहरा होता खरा,
पण थिएटरवाल्यानं नेमकी तिथंच पट्टी चिकटवलेली,
रोज तीन खेळ.
नखानं खरवडली तर कपाळही निघून आलं.
तळाशी एक सापडला, नुसता हात,
तांब्यातून कुणाच्या ओंजळीत पाणी घालणारा.
मनगटाशी डाग,
भट्टीचा, सातव्या वर्षाचा,
कुठल्याच रंगभूषाकाराला न झाकता आलेला.
हा जोड, म्हणाली.

कचेरीतला पोरगा अर्ज उलटसुलट करत होता.
यात चेहरा कुठंय?
ह्या तुम्हीच कशावरून?
मी तोंड उघडलं. आत्यानं माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं.
थांबली.
पंख्याची घरघर होऊ दिली,
बाहेर एसटीचा हॉर्न, तोही संपू दिला,
मग अगदी हळू,
पाणी दे रे बाळा.
आणि तो उठला.
चप्पल न घालता, टेबलाला वळसा घालून,
माठाकडं निम्म्यात गेल्यावर
आपण का उठलो ते आठवत असल्यासारखा जरासा अडखळला,
पण गेला.

पेला स्टीलचा होता.
तिनं नखानं एकदा वाजवून पाहिला.
काही बोलला नाही.
पाणी पिऊन म्हणाली, सोमवारी येऊ.
चेहरा आणू.

रिक्षात मी विचारलं, नऊ नंबरात काय लिहू?
जागा संपलीय.
तिचं लक्ष नव्हतं.
एका दुकानात कुणीतरी ठोकत होतं,
यंत्राची भांडी, वरवरचे ठोके, गिऱ्हाइकाला दाखवायला.
घाई करतोय, ती म्हणाली,
रिक्षा पुढं गेली तरी
मान वळवून.