बोरीचा पाला

उम्म खलफानच्या अंगणात एक झाड आहे.
ती त्याला सिद्र म्हणते, मी बोर.
दोघींचं त्यावरून भांडण नाही.
फांदी वाकवून ती पाला तोडू देते,
काटे मात्र माझ्याच बोटांना लागतात.

पाला नऊ पाहुण्यांसाठी.
राखाडी, केसाळ, कडेनं झालर शिवल्यासारखे,
खोडाला चिकटले की सालच वाटायचे.
ओजसने साल समजून हात टेकला
आणि रात्रभर तळवा खाजवत रडला.
सोहारमध्ये कुठून आणू घोंगडीचा तुकडा?
शेवटी विमानातून ढापलेल्या ब्लँकेटने घासला.
सकाळी म्हणतो, आई, आपण त्यांना घरी आणू या.

लबनची रिकामी बादली,
वर कांद्याच्या पोत्याची जाळी, तिला रबर.
बादली वॉशिंग मशीनवर,
एसीचा झोत तिथवर पोचत नाही म्हणून.
ओजसचा बाबा फोनवर म्हणाला,
फेकून दे ते, अंगावर उठेल.
तो समुद्रातल्या रिगवर. अठ्ठावीस दिवस तिकडे,
अठ्ठावीस इकडे.
तिथे हिरवं काही नाही, एक हेल्मेट सोडलं तर.
चार दिवसांनी स्वतःच विचारू लागला,
आज किती खाल्लं?

दिवे मालवले की ऐकू यायचं
त्यांचं खाणं.
बारीक, न थांबणारं, कुणी शेजारच्या खोलीत
कागद कातरत बसल्यासारखं.
पाहुणे म्हणायचं आणि लेंड्या आपण काढायच्या.
मिरीएवढ्या, कोरड्या, रोज वाटीभर.

मग थोरल्याने पाला सोडला.
एक दिवसभर नुसता बादलीच्या कडेने फिरला,
जागा पसंत पडेना.
पडली तेव्हा डोकं डावीकडे, उजवीकडे,
पुन्हा डावीकडे,
आणि स्वतःचेच केस उपटून धाग्यात विणत गेला.
ज्यांनी पोराला रडवलं
ते आता त्याच्या भिंतीत.
ओजस गणवेश न काढता दोन तास बघत होता.
शेवटी विचारलं,
आतून कडी लावली का त्याने?

आठ कोश झाले. नववा
काही न करता वाळला.
दोन कोशांना भोकं पडली आणि माश्या निघाल्या.
ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
उम्म खलफानकडे होतं:
माशीलाही पोरं असतात.

ओजसने बाटलीच्या झाकणात साखरपाणी ठेवलं,
बाहेर आल्या आल्या भूक लागेल म्हणून.
मी वाचलं होतं, सांगितलं नव्हतं.
ह्या पतंगांना खायला तोंड नसतं.
जे काय खायचं ते अळीनेच
खाऊन ठेवलेलं असतं.

गुरुवारी रात्री, तीन वाजले असतील,
पहिली निघाली. मादी.
जाडजूड, तपकिरी, ओले पंख चुरगळलेले,
जाळीला लटकून राहिली.
झाकणाकडे ढुंकून पाहिलं नाही.
पंख वाळले तरी उडेना.
गुदमरत असेल म्हणून बादली खिडकीशी नेली,
काच बोटभर सरकवली.

आणि थोड्या वेळाने काचेवर टक्.
टक् टक्.
बाहेरून.
लहानखुरे तीन नर, मग पाच.
बंदराच्या दिव्यांच्या, क्रेनच्या, वाळूच्या ह्या गावात
पत्ता कुणी सांगितला ह्यांना?
तीन वर्षं राहतेय इथे.
मला वाटायचं, रात्री काचेपलीकडे
फक्त उकाडा असतो.

खिडकी सताड उघडली.
दमट, खारा वारा आत आला,
एसी कण्हायला लागला.
बिल येईल तेव्हा येईल.

ओजसला हलवून उठवलं.
डोळे चोळत तो आधी झाकणापाशी गेला,
बोट बुडवून चाखलं,
गोड आहे की, म्हणाला.
मग वर पाहिलं.