ळचं घर

हळद पेठेत, आडतीच्या मागच्या खोलीत
पोत्यांच्या धुळीत एक जुना संगणक होता.
कीबोर्डवर ह आणि द ही बटणं
सगळ्यांत पिवळी.
प्रणाली फुकटची. कारण शेठ म्हणाले होते,
"पैसे मोजून कसली खिडकी घ्यायची,
भिंतीला हायत की दोन."

मी पावत्या टंकायचे.
सौदे झाले की यादी छापायची,
मग दिवाणजी सातगोंडा मगदूम
कानावरची पेन्सिल काढायचे
आणि काळ्यांच्या नावापासून एक बाण ओढायचे
कावरे, काशीद, कासार ओलांडून
थेट तळाला.
"ळचं घर हच्या पल्याड.
तुझं यंत्र त्याला लच्या दारात का बसवतंय?"

रोज एक बाण.
बाजार बंद असला तरच सुट्टी.

मी शोधत गेले. चूक दुकानाच्या प्रोग्रॅमात नव्हती.
त्याच्या खाली होती, त्याच्याही खाली,
जिथून सगळेच प्रोग्रॅम उसनं आणतात
तारीख, वेळ, अक्षरांचा क्रम
आणि आणलं म्हणून कुणी सांगत नाही.
त्या जागेला लायब्ररी म्हणतात.
आईनं चुलतीला कळवलं, पोरगी लायब्ररीत लागली.
चुलतीनं दिवाळी अंक मागितले.

हजारो ओळींची फाइल.
वर कुणाचं तरी नाव, वीस वर्षांपूर्वीची तारीख,
बहुतेक कधीच कृष्णा न पाहिलेला माणूस,
तरी त्यानं आपली अक्षरं जमेल तशी मांडून ठेवलेली.
त्याचा राग येईना.
एक ओळ वजा, एक ओळ अधिक.
एवढाच माझा बदल.

योनास म्हणून कुणी होता,
त्याच्या गावी हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडतो म्हणे.
त्यानं विचारलं, कारण?
मी लिहिलं, पहिलीचं पुस्तक.
त्यानं कळवलं, तपासणी जोडा.
मी जोडली: हवा, हसू, हळद. याच क्रमानं.
मग पुन्हा परत:
ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिलीय.
खरंच होती.
काहीच नव्हतं तिथे, पण होती.

चौथ्या खेपेला एकच शब्द आला. घेतलं.

आयर्विन पुलाखाली पाणी चढतं
तेव्हा सगळी सांगली कठड्याशी उभी असते,
फूट किती, इंच किती.
उतरतं तेव्हा कोण जातं बघायला?
माझी ओळ तशी आली, उतरत्या पाण्यासारखी.
त्या देशातून या देशात,
या आवृत्तीतून त्या आवृत्तीत,
दोन हंगाम गेले.
मगदूम घरी बसले, मिरजेत मोतीबिंदू काढून आले.
नवा कारकून यादी वाचतच नव्हता,
फक्त बेरीज बघायचा.

एका मंगळवारी संगणक स्वतःला अद्ययावत करत बसला,
चहा येऊन गार झाला.
नेमके त्याच दिवशी मगदूम
राहिलेला पगार न्यायला आले होते.
यादी सवयीनं हातात घेतली.
बोट खाली सरकलं.
कावरे. काशीद. कासार.
काळे.

पेन्सिल कानावरून निघाली होती,
ती हवेतच थांबली.
मी काही बोलले नाही.
ते चष्मा वर करून पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले,
मला वाटलं, आता म्हणतील काहीतरी.

"आणि हा क्षीरसागर?" म्हणाले.
"ह्यो अजून कच्या घरात कसा?
क्ष तर ळच्याबी पुढं असतोय."

मी म्हटलं, अण्णा, त्यावर
मराठी माणसांचंच एकमत नाही.
कोशवाले एक सांगतात, मास्तर एक.
ते म्हणाले, "मग इचार की सगळ्यांना,"
आणि पगार मोजायला लागले,
अंगठा जिभेला लावून, एकेक नोट.

पावतीच्या पाठीवर मी लिहून ठेवलं
क्ष
आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.
ओळीच्या शेवटी मोकळी जागा
राहिली नाही ना, हे बघून.