उजळणी

चार्वीच्या पाठीवर सतरा.
प्रत्येकाभोवती मी बॉलपेननं गोल काढला,
कारण रात्री दिव्याखाली एखादा जास्त भरायचा
आणि तो खरा की माझा, कळायचं नाही.

शेजारच्या हंसाबेन दारातूनच म्हणाल्या, अछबडा,
आणि दुधाची पिशवी कडीला अडकवून गेल्या.
मी म्हटलं, कांजिण्या.
चार्वीनं विचारलं, म्हणजे दोन झालेत का मला?

दांडिया बाजारात, जिना चढून, पंचोली डॉक्टर.
लस दिली होती, मी बसायच्या आधीच म्हणाले.
सव्वा वर्षाची असताना. डाव्या मांडीत.
कार्ड पुढे सरकवलं,
विटलेल्या साडीची पावती दुकानात सरकवावी तसं.

आणि दुसरा डोस?
त्या वर्षी आम्ही मकरपुऱ्याहून कारेलीबागेत आलो.
खोक्यांत गॅसची नळीसुद्धा सापडत नव्हती.

ते म्हणाले, बेन, तेराचा पाढा येतो?
येतो.
तेरा साती?
मी अडले.
मग मनातल्या मनात एकेपासून निघाले,
सव्वीस, एकोणचाळीस, बावन्न,
पासष्टाला जरा धाप,
अठ्ठ्याहत्तर,
एक्याण्णव.

बस, एटलुंज.
तुम्ही अडलात तेवढ्यात हे सतरा उठले.
ज्याला पाढा शिकवलाच नाही
त्याला तीनशे उठतात, आणि ताप.
बरेचसे तर अडतही नाहीत.
मी विचारलं, वर्षं जातील तसं पुसट होतं का?
थोडं होत असावं. किती, ते लोक अजून मोजतायत.
म्हणून तर उजळणी.
धाकटा आहे ना घरी? त्याला उद्याच आणा.

माझ्या वेळी आईनं कडुनिंबाचा पाला अंथरला होता
आणि हातांना मोजे बांधले होते, सुती, बाबांचे.
तरी उजव्या भुवईत एक खड्डा राहिलाच.
तिथं केस उगवत नाहीत.
पेन्सिल फिरवते, लग्नकार्यात.

चौथ्या दिवशी तिचे बहुतेक वाळले,
काहींत तर पाणीही भरलं नाही.
आंघोळीला फोड दिसेनात,
निळे गोल मात्र साबणाला दाद देईनात.
पाठ घासताना तेरा दुणे, तेरा त्रिक
मी पुटपुटत होते वाटतं,
कारण ती मध्येच वळली,
ओल्या बोटानं माझी भुवई चाचपली, म्हणाली,
तुझे कुणी मोजले नव्हते?