पसंतीक्रम

अशोक चौकात माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड,
आणि जुलै आला की बाहेर पाटीवर खडूनं लिहितो:
कॅप राउंडचे फॉर्म भरून मिळतील.
पन्नास रुपये. प्रिंट वेगळी.

मागच्या मंगळवारी होटगी रोडवरनं डॉक्टर बिराजदार आले,
घरचा प्रिंटर बिघडला, एवढ्यासाठीच.
निहार गाडीत बसून होता, एसी चालू ठेवून.
पेन ड्राइव्हमध्ये यादी,
पुण्याच्या कुणा सल्लागारानं अठरा हजारांत करून दिलेली:
एकशे चाळीस कोड ओळीनं,
प्रत्येकापुढं तीन वर्षांचे कटऑफ,
पिवळ्यात 'प्रयत्न', हिरव्यात 'खात्री'.
पोराला एक्क्याण्णव पर्सेंटाइल.
'यात नाहीच बसलं,' डॉक्टर म्हणाले,
'तर मॅनेजमेंटला बोलून ठेवलंय.'
मी पानं लावून दिली. कागद अजून गरम होता.

त्याच संध्याकाळी लावण्या गुंटूक.
कुंभारीच्या विडी घरकुलातनं, दोन बस बदलून.
सोबत आई, पदराला तंबाखूचा वास,
पिशवीत रेशन कार्ड, जातीचा दाखला,
व्हॅलिडिटीची नुसती पावती, चार घड्यांची.
चौऱ्याण्णव पूर्णांक एकसष्ट.
मी चष्मा पुसून बघितलं. चौऱ्याण्णवच.
म्हटलं, पुण्याची टाकू की वरती,
दोन-तीन तरी चांगली लागतील.

आईनं विचारलं, 'एंत अयितदि?'
किती होतंय.
म्हटलं, मुलींना फी माफ आहे आता.
ती हसली नाही.
फीच्या पाठीमागं जे रांगेत उभं असतं
ते कुणी माफ करत नाही, तिला ठाऊक होतं:
खोलीचं डिपॉझिट, मेस, येण्याजाण्याचं भाडं,
आणि लावण्याच्या वाटच्या रोजच्या चारशे विड्या
वळणार कोण.

हजारातल्या चारशे. बारावीच्या वर्षातही.
सूप मांडीवर, पुस्तक भिंतीला टेकवून,
पान उलटायला धाकटा भाऊ.
तक्रार म्हणून नाही सांगितलं तिनं हे,
मीच विचारलं होतं, अभ्यास कधी करायचीस.

पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उलटी चालली होती.
मायलेकी तेलुगूत बोलत राहिल्या.
मला निम्मंच कळलं.
'हॉस्टेल' कळलं. 'नान्ना' कळलं, दोनदा.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही, पंख्याचा आवाज नुसता.
सत्र संपले. कृपया पुन्हा लॉगिन करा.

शेवटी तिनंच सांगितलं,
'जिथं बस जाती ती टाका, काका.'

तीन.
तीन ओळी, आणि खाली पांढरं, पांढरं,
स्क्रोल करावं तेवढं पांढरं.
आपण भरलेला पसंतीक्रम अंतिम करू इच्छिता?
वेबसाइट सगळ्यांनाच हे विचारते,
तेवढ्याच अदबीनं.

आई म्हणाली, कारखान्यात विड्या मोजून घेताना
कारकून मूठभर बाजूला फेकतो, छाट म्हणून.
'तुमच्या यादीत पण छाट असती का?'
असते, म्हटलं.
इथं काही विड्या आपण होऊन सुपातनं उतरतात
हे काही मी बोललो नाही.
पन्नासाऐवजी तीस घेतले.
वीस रुपयांत माझं काय निभलं, मलाच ठाऊक.

लोक विसरतात म्हणून मी एक वही ठेवलीय,
ज्यानं त्यानं आपला पासवर्ड त्यात लिहायचा.
काल यादी लागली, तिचं पान काढलं.
तिचंच अक्षर, ठसठशीत, शाईचं:
नाव, मग अ‍ॅट, मग सहा आकडे,
चार एक एक शून्य शून्य पाच.

आपल्याकडचे पिनकोड चार एक तीननं सुरू होतात.
चुकलं असेल म्हणून बोट ठेवून पुन्हा वाचलं,
आणि एकेक आकडा टाइप केला.

लॉगिन झालं.