कॅरिझ्माच्या पुढं

निपाणीत, वखारीमागच्या खोलीत
बाळाक्कांवर चार ओळी इंग्रजीत लिहितोय.
कॅरिझ्मा लिहिलं आणि अडलो.
ऑफ, इन, की विथ?

मराठीत सोपं: बाळाक्कांत काहीतरी होतं.
विडीचा दोरा दातानं तोडत मल्लव्वा म्हणाली, "अवरल्लि."
म्हणजे तेही आतच.

पण आत तर नुसता खोकला होता.
त्या मालकाच्या दारात उकिडव्या बसल्या,
बोलल्या नाहीत काही,
आणि दोनशे सुपं खाली आली एकदम,
तेव्हा ते आमच्या नाकात होतं,
लुगड्यातल्या तंबाखूसारखं,
धुऊनही न जाणारं.

अबाउट लिहिलं.
"म्हंजे?"
"भोवती."

मल्लव्वानं आपलं सूप थोडं सरकवलं,
कुणाला बसायला जागा करावी तसं.