अडीच चमचे

दर चार वर्षांनी, फेब्रुवारीत,
ती ट्रॉम्सोच्या इस्पितळात येते, तळमजल्यावर, माझ्या यंत्रापाशी.
चौसष्ट, अडुसष्ट, बहात्तर. आज शहात्तर.
आस्लाउग. बाप होड्या बांधायचा, मग ती बांधू लागली,
हल्ली बांधणाऱ्यांच्या चुका काढते.

घड्याळ, नाणी, केसातली पिन
न सांगता ताटलीत ठेवते.
मी विचारते, अंगात कुठे धातू?
"डाव्या अंगठ्यात खिळ्याचं टोक. तांब्याचं. मी एकोणीस वर्षांची होते.
दर वेळी सांगते, दर वेळी विचारतेस."
नियम आहे, मी म्हणते.

मग पाऊण तास ठोकाठोक.
तिला ती चालते. बापाच्या शेडमध्ये असंच असायचं,
फक्त तिथे ताल होता.

काचेअलीकडे मी काप उघडते एकेक,
गेल्या खेपेचा, शेजारी आजचा.
कवटी तीच. हाड मागे हटत नाही.
आत मात्र घड्यांमधल्या चिरा जरा रुंद,
मधली दोन तळी काठ सोडून पसरलेली,
आणि जिथून माघार झाली तिथे पाणी,
नितळ, मुकाट,
जागा धरून बसलेलं.
बेरीज यंत्र करतं: बारा-साडेबारा मिलिलिटर.
एकदा घरी ओट्यापाशी मोजून पाहिलं होतं मी,
अडीच चमचे.

आजार नाही. डॉक्टर लिहितात, वयाला साजेसं,
जणू पोशाखाबद्दल बोलताहेत.

"किती गेलं?"
सांगायचं नसतं. मी कॉफी करते.
एक चमचा साखर, दुसरा,
तिसऱ्यावर हात अडतो, अर्धा डब्यात परत.
ती बघते.
साखर ती घेतच नाही, हे मला मागाहून आठवतं.

"होडी हिवाळाभर कोरड्यात ठेवली," ती म्हणते,
"की फळ्या आटतात. आत बसलं की फटींतून उजेड.
वसंतात पाण्यात बुडवून ठेवायची,
दोन दिवसांत फुगून मिटते सगळी."
मी मान खाली घालते.
"माहीत आहे गं. हे परत फुगायचं नाही.
पण उजेड येतो ना, तेव्हाच दिसतं
कुठला खिळा तिरका गेलाय.
आधी भोक पाडायचं असतं, त्या… त्या ह्याने…
लाकडी मूठ, पुढे पिळाचं टोक…"
बोटं हवेत फिरतात, नेमकी, जुन्या सवयीने.
शब्द येत नाही.
"जाऊ दे."

ती जाते. मी फॉर्म भरते,
पुढची खेप: वय ऐंशी.
खिडकीबाहेर चार वाजताच निळं पडलंय.
दुसरा पेशंट आत, मशीन सुरू करणार

तोच दार ढकललं जातं. टोपीवर बर्फ,
गाडीची किल्ली हातात, धाप लागलेली:

"गिरमिट!"